आत्मरक्षणाची विद्या

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमचे एक स्नेही आमच्याकडे आले. बरोबर त्यांची पंधरा वर्षांची कन्या होती. शिकवणीहून परततांना कांहीं टवाळ पोरांनीं तिची वाट अडविल्याचा प्रकार दोन वेळां घडला होता, आणि तिसरी वेळ येण्यापूर्वीं तिला एखादी आत्मरक्षणाची विद्या शिकवावी असा तिच्या वडिलांनीं निश्चय केला होता. प्रश्न एवढाच होता कीं, कोणती? शहरांत कराटेचे वर्ग आहेत, ज्यूदोचे आहेत, मुष्टियुद्धाचे आहेत, इस्रायलच्या सैन्यानें स्वीकारलेल्या क्राव्ह मागाचेही वर्ग निघाले आहेत. शिवाय आपली जुनी लाठी आणि कुस्ती आहेच. "तुम्ही लहानपणीं तालमींत गेलेले, आणि पुढें तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झालेले, तेव्हां दोन्ही बाजूंनीं विचार करून सांगा," असें ते म्हणाले.

आम्हीं प्राध्यापकाला साजेसें उत्तर दिलें. प्रत्येक विद्येचे गुण सांगितले, दोष सांगितले, वय व शरीरप्रकृति यांकडे लक्ष द्यावें असेंही सांगितलें. स्नेह्यांचें समाधान झालेंसें दिसलें. मुलगी मात्र इतका वेळ गप्प होती; ती निघतांना म्हणाली, "काका, मला कुणाला मारायला शिकायचं नाहीं. मला भीति वाटूं नये, एवढंच हवं आहे. तें कोणत्या वर्गांत शिकवतात?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मंडळी निघून गेली, आणि प्रश्न तेवढा आमच्याकडे राहिला. त्याचा जो विचार पुढें आम्हीं केला तो वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न एकाच घरचा नव्हे.

तो नवाही नव्हे. सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं प्लेटोनें 'लॅकीज' नांवाचा एक छोटा संवाद लिहिला. त्याचा आरंभ जणूं आमच्या दिवाणखान्यांतच होतो. लायसिमॅकस व मेलेसियस हे अथेन्समधील दोन वयस्क गृहस्थ. दोघांचेही वडील नगरीचे विख्यात धुरीण. पण लोकांचीं कामें करतां करतां त्यांचें स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष झालें, आणि मुलें सामान्यच राहिलीं. ही चूक आपल्या हातून होऊं नये म्हणून हे दोघे निसियस व लॅकीज या दोन सेनापतींना बरोबर घेऊन एका शस्त्रपटूचे खेळ पाहावयास जातात, आणि खेळ संपल्यावर त्यांना विचारतात कीं, चिलखत घालून लढण्याची ही विद्या आमच्या मुलांना शिकवावी कीं नाहीं?

निसियस म्हणतो, अवश्य शिकवावी. व्यायाम या दृष्टीनें ती इतर कोणत्याही व्यायामाहून कमी नाहीं. सैन्याची रांग मोडून एकट्यानें लढण्याची वेळ आली म्हणजे तिचा खरा उपयोग होतो. आणि तिच्यामुळें माणूस पूर्वीपेक्षां धीट होतो. लॅकीज हा रोखठोक शिपाईगडी. तो म्हणतो, ही जर खरी विद्या असती तर युद्धाखेरीज ज्यांना दुसरें कांहीं सुचत नाहीं त्या स्पार्टन लोकांनीं ती डोक्यावर घेतली असती. हे शिक्षक तर स्पार्टाची वेस टाळून इतरत्र खेळ करीत हिंडतात. याच शस्त्रपटूची आपण पाहिलेली फजितीही तो सांगतो. कोयत्यासारखें पातें बसविलेला त्याचा भाला ऐन चकमकींत शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या दोरखंडांत अडकला, आणि तो सुटेना म्हणून हा वीर आपल्या जहाजावरून भाल्यामागें धांवत सुटला. लोक पोट धरून हंसले. पण लॅकीजचा खरा आक्षेप निराळाच आहे. भित्र्या माणसाला ही विद्या आली तर तो नसतें साहस करील आणि त्याचा भित्रेपणा अधिकच उघडा पडेल. शूराला आली तर त्याच्या लहानशा चुकीवरही लोक टपून बसतील. येथें सॉक्रेटिस मध्यें पडतो. डोळ्यांत कोणतें अंजन घालावें असें विचारणाऱ्याला खरी काळजी अंजनाची असते कीं डोळ्यांची, असें तो विचारतो. तुम्ही विद्येविषयीं भांडतां. पण ती ज्याच्यासाठीं शिकावयाची तें धैर्य म्हणजे काय, हें आपणांपैकीं कोणाला ठाऊक आहे काय?

आमच्या मित्रकन्येनेंही नेमकें हेंच विचारलें होतें. वडील अंजनाविषयीं विचारीत होते, आणि मुलगी डोळ्यांविषयीं.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमचें बालपण ज्या तालुक्याच्या गांवीं गेलें तेथें एक तालीम होती. वडिलांच्या आग्रहामुळें आम्ही सहा वर्षें पहांटे तेथें जात असूं. जोर-बैठका काढाव्या, तांबडी माती अंगाला लावावी, वस्तादांच्या नजरेखालीं जोडीदाराशीं लढावें, पडावें, पुन्हां उठावें, असा क्रम होता. ढाक, टांग, धोबीपछाड हे डाव आमच्या अंगांत अद्याप कोठें तरी असतील. पुढें वीसएक वर्षांनीं एका बसस्थानकावर एक दांडगा तरुण एका वृद्ध हमालाला क्षुल्लक कारणावरून मारीत असलेला आम्हीं पाहिला. तो आमच्यापासून दहा पावलांवर असेल. त्याची उभें राहण्याची ढब पाहून त्याला कुस्तींतलें कांहीं येत नाहीं हें आम्हांस तत्काळ कळलें. त्याचा पुढचा पाय कसा काढतां येईल हेंही दिसलें. दिसलें, आणि आम्ही जेथल्या तेथें उभे राहिलों. शेवटीं शेंगदाणे विकणारी एक म्हातारी आपली टोपली खालीं ठेवून त्या दोघांच्या मध्यें जाऊन उभी राहिली, आणि "आधीं मला मार," म्हणाली. तो तरुण शिव्या देत निघून गेला. ती म्हातारी कोणत्या तालमींत गेली होती? आणि आमचे डाव त्या घटकेला कोठें गेले होते? हे प्रश्न आम्हीं पुष्कळ वर्षें टाळले.

तेव्हां लॅकीजचेंच खरें मानून या विद्यांचा नाद सोडावा कीं काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. अ‍ॅरिस्टॉटलनें या प्रश्नाचा अधिक बारकाईनें विचार केला आहे. भाडोत्री शिपाई कसलेले असतात, खोटी धोक्याची हूल ते ओळखतात, म्हणून ते शूर दिसतात. पण संकट हाताबाहेर गेलें कीं तेच प्रथम पळतात, आणि अर्धेंकच्चें शिकलेले नागरिक लाजेखातर जागेवर मरण पत्करतात, असें त्याचें निरीक्षण आहे. परंतु तोच अ‍ॅरिस्टॉटल असेंही सांगतो कीं, वीणा वाजवूनच जसा माणूस वीणावादक होतो, तसा धैर्याचीं कृत्यें करूनच तो धीर होतो. भयाच्या सान्निध्यांत राहण्याची संवय झाल्यावांचून भयावर ताबा येत नाहीं. हीं दोन्ही विधानें एकत्र ठेवलीं म्हणजे आमच्या फजितीचा उलगडा होतो. भय एक नसून दोन आहेत. एक शरीराचें भय: तडाख्याचें, पडण्याचें, कोणीं मनगट घट्ट धरण्याचें. दुसरें जनाचें भय: लोक काय म्हणतील, पोलिसांचें झेंगट मागें लागेल, अमुक प्राध्यापकानें रस्त्यावर मारामारी केली असा बभ्रा होईल. तालमीनें आमचें पहिलें भय घालविलें होतें. दुसऱ्याला तिनें हातही लावला नव्हता. बसस्थानकावर आमचे पाय त्या तरुणाच्या भयानें खिळले नव्हते.

पहिलें भय घालविण्याचें काम मात्र विद्या करूं शकते, आणि तें थोडें नाहीं. तें कसें होतें हें पाहावयाचें असेल तर ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांच्या चरित्राकडे पाहावें. १८६० सालीं जन्मलेले कानो अंगानें लहान व अशक्त. विद्यार्थिवसतिगृहांतील दांडग्या मुलांच्या छळाला कंटाळून ते जुजुत्सु शिकूं लागले. विश्वविद्यालयाचें शिक्षण झाल्यावर १८८२ सालीं तोक्योच्या एका बौद्ध मंदिरांत बारा चटयांच्या जागेंत त्यांनीं आपली शाळा उघडली. जुन्या जुजुत्सूमध्यें हाडें मोडणारे, डोळे फोडणारे प्रकार होते. ते जोडीदारावर पूर्ण जोरानें करून पाहणें अशक्य, म्हणून ते पुष्कळसे ठरीव हालचालींच्या रूपानेंच शिकविले जात. कानोंनीं असले घातक प्रकार मोकळ्या लढतींतून काढून टाकले. परिणाम असा झाला कीं, उरलेले डाव दोन्ही बाजूंनीं सर्व बळ लावून, खऱ्या प्रतिकाराशीं झगडून रोज आजमावतां येऊं लागले. जी विद्या कागदावर कमी भयंकर झाली, ती प्रत्यक्षांत अधिक कामाची ठरली. दुसरी गोष्ट अशी कीं, त्यांच्या शाळेंत पाडण्यापूर्वीं पडावयास शिकवितात. हात कसा आपटावा, मान कशी आंत घ्यावी, हें शेंकडों वेळां केल्यानें जमीन ही शत्रु राहत नाहीं. आमचे वस्तादही हेंच निराळ्या शब्दांत सांगत. जो पडावयास भितो तो लढतांना आपलें अर्धें बळ स्वतःला सांवरण्यांतच घालवितो.

यावरून निवडीची पहिली कसोटी आम्हांस अशी दिसते: जेथें प्रतिकार करणारा जिवंत जोडीदार आहे ती विद्या पत्करावी. हवेंत हातवारे करून, रंगीत पट्टे मिळवून, आपण अजिंक्य झालों अशी समजूत करून देणारा वर्ग हा लॅकीजच्या आक्षेपाचा खरा धनी होय. कुस्ती, ज्यूदो, मुष्टियुद्ध, आणि जोडीदाराशीं मोकळी लढत ठेवणारी कराटेची शाळा, यांपैकीं कोणतीही चालेल. कुस्तीच्या बाबतींत आमच्या लहानपणीं मुलींना तालमीचा उंबरठा ओलांडण्याचीही मुभा नव्हती. २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकपासून स्त्रियांची कुस्तीही तेथें रुजू झाली, हा काळाचा चांगला महिमा होय.

दुसरी कसोटी संयमाची. मारावयास शिकविणारा गुरु थांबावयास शिकवितो काय? ओकिनावाचे शाळामास्तर गिचिन फुनाकोशी यांनीं १९२२ सालीं कराटे तोक्योंत आणली. त्या विद्येच्या नांवांतील 'चिनी हात' या अर्थाचें अक्षर बदलून पुढें त्यांनीं 'रिकामा हात' असें अर्थाचें अक्षर योजिलें, आणि पहिला प्रहार आपल्याकडून कधींही होऊं नये असा दंडक शिष्यांना घालून दिला. आपल्या कायद्याचीही शिकवण हीच आहे. १८६० च्या दंडसंहितेनें आत्मरक्षणाचा हक्क मान्य केला होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंही तो मान्य केला आहे. पण रक्षणासाठीं जेवढी इजा अवश्य तेवढीच, तिच्याहून अधिक नाहीं, अशी त्याला मर्यादा आहे. ही मर्यादा भेदरलेल्या माणसाला पाळतां येत नाहीं. ज्याला कांहीं येत नाहीं तो एक तर हात जोडतो, नाहीं तर हातांत येईल तो दगड घालतो. किती लावावें हें मोजण्याचें सामर्थ्य शिकलेल्या हातालाच असतें. म्हणून हिंसेचें शिक्षण हिंसा वाढवितें हें म्हणणें सरसकट खरें नाहीं. खुद्द गांधीजींनीं १९२० सालीं 'यंग इंडिया'मध्यें, भ्याडपणा आणि हिंसा यांखेरीज तिसरा मार्गच नसेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊं, असें स्पष्ट लिहिलें होतें. दुर्बळाच्या क्षमेला क्षमा म्हणावें कीं नाइलाज म्हणावा, हें त्याला स्वतःलाही सांगतां येत नाहीं.

तिसरी कसोटी अगदीं साधी आहे, आणि ती शरीरस्वास्थ्याची. पुष्कळांच्या आयुष्यांत आत्मरक्षणाचा प्रसंग एकदां येतो, किंवा येतही नाहीं. शरीर मात्र रोज बाळगावयाचें असतें. ज्या वर्गाला चालत जातां येतें, जेथील सोबत आवडते, जेथें दहा वर्षांनींही जावेंसें वाटेल, तोच वर्ग उत्तम. दूरच्या श्रेष्ठ विद्येपेक्षां जवळची मध्यम विद्या बरी. या दृष्टीनें मल्लखांबासारख्या व्यायामाचेंही महत्त्व मोठें आहे. बाराव्या शतकांत सोमेश्वरानें 'मानसोल्लासां'त उल्लेखिलेल्या आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं पुनरुज्जीवित केलेल्या या खांबाला कोणी शत्रु नाहीं. तो लढावयास शिकवीत नाहीं हें खरें. परंतु उंचावर, डोकें खालीं करून, आपलें शरीर आपल्या आज्ञेंत ठेवण्याची जी संवय तो लावतो, ती पहिल्या भयाचें मूळच उपटते.

आतां उरलें दुसरें भय, आणि येथें कोणताही वर्ग पुरा पडत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या घरीं आम्ही कांहीं दिवसांनीं गेलों तेव्हां एक गोष्ट उघडकीस आली. मुलीनें पहिल्या वेळीं घरीं कांहींच सांगितलें नव्हतें. कां, असें आम्हीं हलकेच विचारल्यावर ती म्हणाली, "सांगितलं असतं तर शिकवणी बंद झाली असती." तिचे वडील खालीं मान घालून बसले. त्या पोरांहून तिला घरचें भय अधिक होतें! मुलीच्या वाटेंत कोणी आलें म्हणजे मुलीचीच वाट बंद करावयाची, ही आपली सुशिक्षित घरांतलीही रीत आहे; आणि जोंवर ती आहे तोंवर आत्मरक्षणाचा वर्ग म्हणजे सर्व भार तिच्याच खांद्यांवर टाकून आपण मोकळे होण्याची सोयिस्कर युक्ति आहे. ही विद्या शिकविण्याचा अधिकार त्याच बापाला, ज्यानें मुलीला आधीं सांगितलें आहे कीं, कांहींही घडलें तरी तूं घरीं येऊन सांग, तुझें जाणें बंद होणार नाहीं. आमच्या मतें हा तिचा पहिला पाठ, आणि तो घरांतच द्यावयाचा आहे.

स्त्रियांनीं या विद्या शिकल्याचा इतिहास पाहिला तरी हेंच दिसतें. लंडनमध्यें मताधिकारासाठीं झगडणाऱ्या स्त्रियांना ईडिथ गॅरड या पांच फुटांहूनही ठेंगण्या बाईनें जुजुत्सु शिकविलें, आणि १९१३ च्या सुमारास एमेलिन पँकहर्स्ट यांना अटकेपासून वांचविण्यासाठीं त्या स्त्रियांचें एक रक्षकपथक उभें राहिलें. शांतिनिकेतनांत रवीन्द्रनाथांनीं १९२९ सालीं जपानहून ताकागाकी नांवाचे ज्यूदोचे शिक्षक आणविले, आणि तेथें मुलांप्रमाणें मुलींनींही ती विद्या घेतली. या दोन्ही ठिकाणीं शिकणारीच्या पाठीशीं तिचा समाज, निदान तिच्यासारख्या दहाजणी, उभ्या होत्या. एकटीनें शिकलेला डाव आणि पाठीशीं माणसें असतां शिकलेला डाव यांत मोठें अंतर आहे.

आम्हीं स्नेह्यांना आणखी एक विचारलें. त्यांना बारा वर्षांचा मुलगा आहे. त्याला कां घालीत नाहीं? "त्याला काय भय?" ते म्हणाले. भय नाहीं, म्हणूनच. ज्या पोरांनीं वाट अडविली तींही कोणाच्या तरी घरचीं आहेत. रोज जोडीदारासमोर वांकावयाचें, त्याच्या हातून पडावयाचें, त्यानें हार मानल्याचा इशारा करतांच पकड सोडावयाची, आणि दुसऱ्याचें शरीर हें आपल्या हवालीं दिलेली ठेव आहे असें समजून त्याला जपून खालीं ठेवावयाचें, ही शिकवण मुलीपेक्षां मुलाला अधिक अवश्य आहे. कानोंच्या विद्येचें एक ब्रीद शक्तीचा उत्तम उपयोग हें आहे, आणि दुसरें परस्परांचें कल्याण हें आहे. आपल्या मुलांना आपण बहुधा पहिलें तेवढें शिकवितों.

सॉक्रेटिसची एक हकीकत येथें आठवते. डेलियमच्या लढाईंत, ख्रिस्तपूर्व ४२४ मध्यें, अथेन्सचें सैन्य उधळलें तेव्हां तो लॅकीजबरोबर माघारा येत होता. आल्सिबायडीझनें घोड्यावरून त्याला पाहिलें. इतर पळत होते. हा मात्र सावकाश चालत, मित्राकडे व शत्रूकडे सारख्याच स्वस्थपणें पाहत येत होता, आणि या माणसाला हात लावणें महागांत पडेल हें दुरूनच कळत असल्यामुळें कोणीही त्याच्या वाटेस गेलें नाहीं, असें त्याचें वर्णन प्लेटोनें दुसऱ्या एका संवादांत दिलें आहे. निसियसच्या मतें धैर्य म्हणजे कशाला भ्यावें व कशाला भिऊं नये याचें ज्ञान. सॉक्रेटिस वादांत हें लक्षण टिकूं देत नाहीं. पण त्याचें चालणें पाहिलें म्हणजे वाटतें, त्याला तें ज्ञान असावें.

आमच्या मित्रकन्या आतां घराजवळच्या ज्यूदोच्या वर्गाला जात असते. धाकटा भाऊही बरोबर असतो. पहिला महिना ती केवळ पडतच होती. भीति गेली काय, असें आम्हीं परवां विचारलें. "गेली नाहीं काका, पण ती आली तरी पाय हलतात," असें ती म्हणाली. वर्गाकडून याहून अधिक मागूं नये, आणि याहून कमीही नको.

'लॅकीज'च्या शेवटीं धैर्याचें लक्षण सांपडत नाहींच. सॉक्रेटिस म्हणतो कीं, आपणां सर्वांनाच गुरूची गरज आहे, तेव्हां लोक हंसले तरी हंसूं देत, मुलांबरोबर आपणही शिकावयास जाऊं. आणि वृद्ध लायसिमॅकस त्याला दुसऱ्या दिवशीं पहांटे घरीं बोलावितो. ज्या विद्येनें बसस्थानकावरचीं तीं दहा पावलें चालतां येतात ती आम्हांला आमच्या वयाच्या पन्नाशीनंतर अजून शिकावयाची आहे. आपल्या मुलामुलींना वर्गाच्या दारापर्यंत पोंचवून परत फिरणाऱ्या प्रत्येक पालकानें, आपणही त्या शिक्षणांतून सुटलेलों नाहीं, एवढें मनांत आणावें.